सांगलीत घर घेताना: विसार दिल्यावर कळलं की जागा पूररेषेत आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही अडचणीत सापडल्यामुळे.

आई-बाबा सध्या पुण्यात माझ्याकडे असतात, पण दोघांचा जीव सांगलीत. त्यांच्यासाठी तिथे एक बैठं घर बघितलं. दोन गुंठे जागा, पुढे अंगण, मागे दोन नारळ. ५५ लाखांना ठरलं. २ लाख विसार दिला, पावतीवर साठेखताला ४५ दिवसांची मुदत आहे. गृहकर्ज मंजूर झालं, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांचा सर्च रिपोर्टही स्वच्छ आला.

गेल्या रविवारी पडद्यांची मापं घ्यायला गेलो तेव्हा बाबांच्या लक्षात आलं, की घरातले सगळे स्विचबोर्ड छातीच्या वर आहेत. फ्रिजचा प्लगसुद्धा. मालकांना विचारलं तर म्हणाले, घरात लहान मुलं होती म्हणून. शेजारच्या आजी कुंपणाशी उभ्या होत्या. त्या आईला अगदी सहज म्हणाल्या, "आमच्यात आषाढी झाली की देव माळ्यावर जातात. गौरी-गणपतीला खाली आणतो."

मग आम्ही स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर रंगाच्या आतून एक आडवी तपकिरी रेघ दिसत होती. माझ्या खांद्याएवढी.

सोमवारी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा बघितला. जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे, पण लाल रेषेच्या आत. आता विसार परत मागता येतो का? बँकेने एवढी तपासणी करून कर्ज दिलं, मग त्यांना हे दिसलं नाही का? आणि विमा एजंट म्हणतोय, "मॅडम, पूर पॉलिसीत धरलेलाच असतो, काळजी करू नका." यावर विसंबावं का? बाबा रविवारपासून गप्प आहेत.

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीचाच, तिसरी पिढी. आधी रेषांबद्दल सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा त्यात घोळ होतो.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही पाटबंधारे खातं आखतं आणि महापालिका विकास आराखड्यावर घेते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे नवीन घर बांधायला परवानगी मिळत नाही. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण जोतं, म्हणजे घराचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर पाहिजे.

आता आपल्या गावाचा हिशोब बघा. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या वर. म्हणजे १६ वर्षांत तीन मोठे पूर. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून लोक समजतात की २०१९ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत येणार नाही. तसा त्याचा अर्थच नाही.

त्या आजींना परत भेटा. कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे त्या तुम्हाला पाटबंधारे खात्यापेक्षा नेमकं सांगतील.

मिरजमळा

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. अर्धा गावभाग नदीला चिकटून आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहताहेत. पूर आला की सामान माळ्यावर टाकायचं, चार दिवस पाहुण्यांकडे जायचं, परत येऊन गाळ काढायचा. रेषेत आहे म्हणून प्रत्येक घर सोडून द्यायचं म्हटलं तर सांगलीत राहायचं कुणी? मालकाशी बसून भाव पाडून घ्या. १०-१२ लाख कमी होत असतील तर मी तरी घेईन.

गणिताच्या_बाई

मिरजमळा, तुमचं म्हणणं समजतं. पण घर ताईंचे आई-बाबा वापरणार आहेत, आणि रात्री दोन वाजता सामान माळ्यावर चढवायचं वय त्यांचं नाही.

आकडा मांडून बघते. दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के. दर वर्षी ४ टक्के, म्हणजे निळ्या रेषेवरची जागा असेल, तर तीच ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. आणि हे रेषा बरोबर आखली आहे असं धरून.

पेठेतला_वकील

रानजाई, सल्ला म्हणून नाही, दिशा म्हणून लिहितो. कागद घेऊन स्थानिक वकिलाकडे जाच.

तुमचा व्यवहार पुनर्विक्रीचा आहे, म्हणून रेरा इथे उपयोगी नाही. तो कायदा बिल्डर आणि ग्राहक यांच्यातला. नवीन प्रकल्प असता आणि माहितीपत्रकात खोटी माहिती असती तर कलम १२ खाली व्याजासह पैसे परत मागता आले असते. तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५. मिळकतीत असा काही मोठा दोष असेल, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊन त्याला कळलाही नसता, तर तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे.

सगळं भांडण 'सर्वसाधारण काळजी' या शब्दांवर होतं. समोरचा वकील पहिलं वाक्य बोलेल की पूररेषेचा नकाशा सार्वजनिक आहे, महापालिकेत जाऊन कुणीही बघू शकतो, बाईंनी बघितला नाही हा त्यांचा निष्काळजीपणा. करार कायद्याच्या कलम १९ मध्येही अशीच पळवाट आहे. नुसतं गप्प राहून फसवलं असेल आणि थोड्या प्रयत्नाने तुम्हाला सत्य कळलं असतं, तर करार रद्द करण्याचा हक्क कमकुवत होतो.

म्हणून नकाशावर भांडू नका. भिंतीवरच्या रेघेवर भांडा. ती कपाटामागे होती आणि वर रंग दिला होता. नकाशा सगळ्यांना दिसतो, पण घरात पाणी किती शिरलं हे फक्त मालकाला माहीत होतं. 'इथे पाणी येत नाही' असं मालकाने किंवा दलालाने कुठे लिहून दिलंय का? मेसेज असला तरी चालेल. आणि त्या रेघेचा फोटो मोजपट्टी लावून आजच काढा, पुन्हा रंग मारला जाण्याआधी.

रानजाई

वकीलसाहेब, मनापासून धन्यवाद. दलालाचा व्हॉट्सअ‍ॅप सापडला. घर पहिल्यांदा बघायला जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "पुराचा त्रास आहे का?" उत्तर आहे: "नाही मॅडम, आपल्या घराला पाणी लागत नाही, मालक स्वतः सांगतील." फोटो बाबांनी त्याच दिवशी काढले होते. शिक्षक होते ना, शेजारी फूटपट्टी धरून काढलेत.

आज बँकेत गेले होते. शाखाधिकारी सौजन्याने बोलले, पण ऐकून पायाखालची जमीन सरकली. म्हणाले, सर्च रिपोर्ट मालकी हक्काचा असतो. गेल्या ३० वर्षांत मिळकत कुणाकुणाच्या नावावर होती, बोजा आहे का, एवढंच त्यात बघतात. मूल्यांकन करणारा बघतो की उद्या हप्ते थकले तर हे घर किती रुपयांना विकलं जाईल. पुराचं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, म्हणजे हे सगळं माझ्यासाठी नव्हतंच? ते म्हणाले, "फी तुम्ही भरता, पण रिपोर्ट आमच्यासाठी असतो."

हिल्सबरोकर

रानजाई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून न्यू जर्सीत बसून लिहायला घेतलं, कारण इथे मला हेच दुसऱ्या वाटेने कळलं.

अमेरिकेत बँकेला पूरक्षेत्र बघावंच लागतं. १९७३ पासून कायदा आहे: फेमाच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, नकाशावर घर 'ए' किंवा 'व्ही' अक्षराच्या झोनमध्ये असेल, म्हणजे वर्षाला १ टक्का शक्यतेच्या पुरात, तर पुराचा विमा असल्याशिवाय बँक कर्ज देऊ शकत नाही. साध्या घरविम्यात इथे पूर नसतोच. त्यासाठी वेगळा सरकारी विमा, घराला कमाल अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. कर्जासोबत घेतला तर लगेच लागू, एरवी ३० दिवस थांबावं लागतं. वादळाची बातमी ऐकून धावणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

तर आम्ही मिलस्टोन नदीपासून थोडं आत घर घेतलं. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधी बँकेने कळवलं की घर 'एई' झोनमध्ये आहे, विमा सक्तीचा. नकाशा उघडून बघितला तर परसाचा फक्त मागचा कोपरा रंगवलेला, घर बाहेर. मग सुरू झाली लढाई. परवानाधारक सर्व्हेअर आणला, घराला लागून असलेल्या जमिनीची सगळ्यात खालची पातळी मोजली, ती पुराच्या पातळीच्या वर निघाली. ते कागद फेमाकडे पाठवून नकाशा-दुरुस्तीचं पत्र मागितलं. त्याला सरकारी शुल्क नाही, सर्व्हेअरची फी आपली. दोनेक महिन्यांत पत्र आलं, बँकेने सक्ती काढली.

आता मुद्द्याचं. माझ्या उलट्या केसमध्ये काय होतं? म्हणजे बँकेने चुकून 'झोनच्या बाहेर' सांगितलं, तुम्ही विमा घेतला नाही आणि घर बुडालं? लोक कोर्टात गेले आहेत. १९८१ मध्ये पाचव्या सर्किटच्या आणि १९८३ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की हा कायदा कर्जदाराला बँकेवर दावा लावण्याचा हक्क देत नाही. ती तपासणी बँकेचं कर्ज आणि सरकारी तिजोरी वाचवायला आहे, घेणाऱ्यासाठी नाही. तुमच्या शाखाधिकाऱ्यांचंच वाक्य, फक्त न्यायालयाच्या भाषेत.

एक गोष्ट मात्र इथे आता चांगली झालीय. २० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला लेखी सांगावं लागतं: घर कोणत्या पूरक्षेत्रात आहे, पूर्वी पाणी शिरलं का, विम्याचा दावा केला होता का. भाड्याने देणाऱ्यालाही पूरक्षेत्राची माहिती द्यावी लागते. हा कायदा येण्यामागे २०२१ च्या सप्टेंबरातलं आयडा वादळ आहे. आमच्या शेजारचं मॅनव्हिल गाव रॅरिटन आणि मिलस्टोनच्या संगमावर आहे. त्या रात्रीनंतर तिथल्या गल्ल्यांत फुटपाथवर गाद्या, कपाटं, फोटोंच्या फ्रेमा यांचे ढीग महिनाभर होते. मी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. सांगलीचा २०१९ चा गाळ जसा वास मारत होता असं चुलतभाऊ सांगतो, तोच वास.

सक्ती निघाल्यावरही मी विमा चालू ठेवलाय.

इंद्रायणीकाठी

धाग्यात निळ्या रेषेचा विषय निघालाय तर चिखलीचं सांगायलाच हवं. पिंपरी-चिंचवडमध्ये इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत प्लॉट विकले गेले, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून बंगले बांधले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने बांधकामं पाडायचा आणि ५ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई वसूल करायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. १७ मे २०२५ ला महापालिकेने ३६ बंगले पाडले.

मी त्या भागातून रोज ये-जा करते. एका भिंतीवर मुलांच्या खोलीतला निळा रंग आणि चिकटवलेले तारे तसेच होते, बाकी खोली नव्हती.

लोक म्हणतात खरेदीखत रजिस्टर झालं, घरपट्टी भरतो, वीज मीटर आहे, मग अनधिकृत कसं? रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, पूररेषा बघत नाही. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, त्याने ते अधिकृत होत नाही. वीज तर काय, अर्ज केला की मिळते. गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे, तुकडे घेणाऱ्यांनी हे दहा वेळा वाचावं.

कृष्णाकाठ

अगदी. आणि रानजाईताई, लाल-निळ्याच्या मधल्या घराचंही एक दुखणं आहे जे मिरजमळांच्या हिशोबात आलं नाही. उद्या हे जुनं घर पाडून बांधायचं ठरवलं, तर जोतं लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर न्यावं लागेल. तुमच्या भिंतीवरची रेघ लाल पातळीच्या आसपास असेल, तर आत्ताच्या फरशीपासून जवळपास पावणेदोन मीटर. म्हणजे खाली नुसतं पार्किंग आणि वर घर. त्याचा खर्च आणि जिना दोन्ही भावात धरा.

सर्व्हेअर_आबा

विमा क्षेत्रात ३१ वर्षं नुकसानीचं सर्वेक्षण केलं, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात दीड महिना मुक्काम होता. विम्याबद्दल लिहितो, कारण एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि नुकसान उरलेल्या अर्ध्यात होतं.

एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. त्यात पूर आणि जलमय होणं मूळ संरक्षणातच आहे, वेगळं मागावं लागत नाही. इथवर एजंट बरोबर.

पण बेटा, आधी हे बघ की तुझ्या हातात कोणती पॉलिसी आहे. गृहकर्जासोबत बँक जो 'कर्ज सुरक्षा' विमा गळ्यात घालते तो बहुतेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. घर बुडालं तर एक रुपया मिळत नाही. २०१९ ला गाळाने भरलेल्या घरात उभं राहून माणसं मला हीच पॉलिसी काढून दाखवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ते चेहरे अजून आठवतात.

दुसरं, बँकेने खरोखर घराचा विमा केला असेल तरी बऱ्याचदा फक्त बांधकामाचा. फ्रिज, गाद्या, कपाटं, धान्य त्यात नाही. गृह रक्षामध्ये बांधकामाचा विमा घेतला की सामानाला त्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप असतं, पण तू 'फक्त बांधकाम' असं निवडलेलं नसलं पाहिजे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर बघ. आणि विम्याची रक्कम म्हणजे घराचा बाजारभाव नाही, पुन्हा बांधायचा खर्च. जमीन वाहून जात नाही, म्हणून तिची किंमत धरत नाहीत. ५५ लाखांच्या घरात बांधकाम १५-२० लाखांचंच असेल, दाव्याच्या वेळी त्यावरूनच भांडणं होतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. प्रस्ताव अर्जात पूर्वी पूर आला होता का असा प्रश्न असेल, तर खरं लिही. एजंट स्वतः 'नाही' अशी खूण करून तुझी सही घेतो. पुढे दावा नाकारताना कंपनी तोच कागद पुढे करते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. तू तर आता भिंतीचा फोटो काढून बसलीयस, माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

दावा नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. आणि पाणी ओसरल्यावर फोटो काढल्याशिवाय झाडू हातात घ्यायचा नाही. बायाबापड्यांचा पहिला हात झाडूकडे जातो, सवयच असते, आणि माझ्यासारखा सर्व्हेअर पोचेपर्यंत पुरावा गटारात गेलेला असतो.

मिरजमळा

आबा, तुमची पोस्ट वाचून आईची पॉलिसी काढून बघितली. आयुष्याचीच निघाली. २०१९ पासून आम्ही समजत होतो घराचा विमा आहे.

सर्व्हेअर_आबा

आजच दुसरी घे. पावसाळ्याची वाट बघू नकोस.

रानजाई

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

आजींना भेटलो. कृष्णाकाठ यांनी म्हटल्याप्रमाणे त्यांना सगळं पाठ. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत, २०१९ ला खिडकीच्या गजांच्या वर, २०२१ ला गुडघाभर. १०० वर्षांच्या रेषेतल्या घरात १६ वर्षांत तीनदा पाणी दाराशी आलं, त्यातलं दोनदा आत. बाबा म्हणाले, "नकाशा करणाऱ्यांनी या आजींना विचारायला हवं होतं."

स्थानिक वकिलांमार्फत मालकांना पत्र पाठवलं. कलम ५५, दलालाचा मेसेज, मोजपट्टीसह फोटो. उत्तर आलं नाही, पण आठ दिवसांनी मालक स्वतः घरी आले. त्यांनी खोटं बोलल्याचं नाकारलं नाही. २०१९ नंतर दुरुस्तीला काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही, म्हणून विकत होते. त्यांची पत्नी येऊन आईजवळ बसल्या आणि रडल्या. दीड लाख परत मिळाले, उरलेल्या ५० हजारांसाठी दोन महिन्यांनंतरच्या तारखेचा चेक दिलाय. वकील म्हणाले दावा लावला तर पूर्ण मिळतील, पण वर्षं जातील. आम्ही चेक घेतला. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं आणि त्यांनाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता सांगलीतल्याच विश्रामबागेत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बघतोय. यावेळी विसाराच्या आधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला अर्ज दिलाय, आणि विसार पावतीत वकिलांनी एक वाक्य घालायला सांगितलंय: मिळकत निळ्या किंवा लाल पूररेषेत असल्याचं आढळल्यास विसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. या मालकांनी वाचून लगेच हो म्हटलं.

आईला नारळ नाहीत याचं वाईट वाटतंय. तिने आजींचा फोन नंबर घेऊन ठेवलाय, आणि येत्या आषाढीला त्यांचे देव आपल्याकडे ठेवा म्हणून सांगितलंय.